ऑटोकॅडच्या पुढे काय शिकावं? कुंपणापलीकडची जमीन दाखवणारी साधनं

बांधावरची · १२ जानेवारी

नमस्कार मंडळी. गेली २२ वर्षं साताऱ्यात लँडस्केपचं काम करते. बंगल्यांच्या बागा, फार्महाऊस, दोन शाळांची आवारं. शिकले ती ड्रॉइंग बोर्डावर, ट्रेसिंगवर रॉट्रिंग पेनने. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून काढायची. पुढे संगणकावर ड्रॉइंग काढायला ऑटोकॅड शिकले आणि त्यातच इतकी वर्षं निघाली. आणखी काही शिकायला हवं असं कधी वाटलंच नाही.

गेल्या जुलैत वाटलं. वाईच्या बाजूला डोंगरउतारावर ४० गुंठ्यांचा प्लॉट आहे. वरच्या हद्दीला काळ्या दगडाची चार फुटी रिटेनिंग वॉल, म्हणजे वरची माती अडवणारी भिंत, मी काढून दिली होती. टोटल स्टेशनने, म्हणजे अंतर आणि उंची मोजायच्या यंत्राने, सर्व्हे करून घेतला होता, लेव्हल बरोबर होत्या, पाणी निघायला भिंतीत वीप होलही होते. एका रात्रीच्या पावसात त्यातली ४५ फूट भिंत चिखलासकट खालच्या हिरवळीवर येऊन पडली. माणूस कुणी तिथे नव्हता हे नशीब. दुसऱ्या दिवशी मालकांबरोबर वर चढून गेले, तर कुरणातून उतरणारं सगळं पाणी एका जुन्या चरातून येऊन नेमकं आमच्या कोपऱ्यावर सुटत होतं.

घरी येऊन ड्रॉइंग उघडलं. हद्दीच्या रेघेपर्यंत इंचाइंचाची माहिती, आणि रेघेपलीकडे कोरा कागद. भिंत बांधणाऱ्यांची काही चूक नव्हती, मीच वर बघितलं नव्हतं.

भिंत पुन्हा बांधायची आहे आणि या वेळी जमीन आधी नीट समजून घ्यायची आहे. स्केचअप, रायनो, ग्रासहॉपर, रेव्हिट, क्यूजीआयएस, ब्लेंडर अशी सॉफ्टवेअरची नावं सगळीकडून कानावर येतात. वय ४७, ऑफिसात मी आणि एक मदतनीस मुलगी. रोज संध्याकाळी दीड तास देऊ शकते. सुरुवात कुठून करू?

---

पॅरलल बार · १२ जानेवारी

ताई, भिंतीचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी वर चढून गेलात, तिथेच तुमचं शिकणं सुरू झालंय.

आधी क्यूजीआयएस शिका, म्हणजे संगणकावर नकाशांचे थर एकावर एक ठेवून जमीन तपासायचं सॉफ्टवेअर. हे दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातलं काम आहे असं समजू नका, त्याची मुळं आपल्याच धंद्यात आहेत. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इयन मॅकहार्ग हे लँडस्केप आर्किटेक्ट माती, उतार, पाणी, झाडोरा यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे काढून एकावर एक ठेवायचे. जिथे गडद होत जाईल तिथे बांधू नका, इतकं साधं. आपण ट्रेसिंगवर ट्रेसिंग ठेवायचो, तेच. हार्वर्डमध्ये १९६५ साली हॉवर्ड फिशर या आर्किटेक्टने संगणकावर नकाशे काढायची प्रयोगशाळा उभी केली. तिथे काम केलेला, लँडस्केप शिकलेला जॅक डेंजरमंड याने १९६९ मध्ये एसरी काढली, आज जगभरच्या सरकारी कचेऱ्यांत जिचं सॉफ्टवेअर चालतं ती. क्यूजीआयएस २००२ पासूनचं. फुकट आहे, मुक्त आहे, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

तुमच्या प्लॉटच्या वरच्या डोंगराची उंची-माहिती उतरवून घ्या. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या मोजणीची मिळते, दर ३० मीटरला एक उंची; इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाची मिळते. त्यावरून कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, काढा आणि कुठल्या भागाचं पाणी तुमच्या कोपऱ्याकडे येतं ते बघा. एवढंच शिका, बाकीचं नंतर.

आणि एक हिशोब मनात पक्का ठेवा. ३० मीटरचा एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळजवळ ९ गुंठे. तुमच्या ४० गुंठ्यांत असे साडेचारच चौकोन बसतात. तेव्हा या माहितीवर प्लॉटच्या आतलं डिझाइन कधीही करू नका, आत टोटल स्टेशनच. डोंगर समजायला मात्र ती पुरेशी आहे.

---

उजेडवाडी · १३ जानेवारी

सरांशी मी थोडा असहमत आहे. ताई, स्केचअप आधी घ्या, त्यात त्रिमितीय मॉडेल करता येतं. मालकाला कंटूर कळत नाहीत. जोत्यावरून अंगण कसं दिसेल, झाडाखाली बसलं तर समोर काय येईल, हे दाखवलं की निर्णय पटकन होतो आणि साईटवर काही मोडून पुन्हा बांधायची वेळ येत नाही. शिकण्यापुरती ब्राउझरमधली आवृत्ती फुकट आहे, आठवड्याभरात हात बसतो. पुढे ट्विनमोशनमध्ये उजेड, पाऊस, चालती माणसं सगळं टाकता येतं, पण त्याला ग्राफिक्स कार्ड चांगलं लागतं.

---

पॅरलल बार · १३ जानेवारी

घरातल्या कामाला तुमचं म्हणणं मान्य. पण ताईंची भिंत दिसण्यामुळे पडली नाही.

---

नवाकोरा · १३ जानेवारी

रायनो आणि ग्रासहॉपर हवं असेल तर क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी प्रत, मिळतो. लिंक व्यक्तिगत निरोपात देतो.

---

बांधावरची · १४ जानेवारी

नवाकोरा, मनापासून सांगते, नको. माझं ड्रॉइंग कुणी न विचारता दुसऱ्या साईटवर वापरलं तर मला जे वाटेल, तेच ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला वाटत असणार. फुकट आणि मुक्त इतकं आहे आता: क्यूजीआयएस, ब्लेंडर, आणि फ्रीकॅडची तर २०२४ च्या नोव्हेंबरात १.० आवृत्तीही आली. माझ्यासारख्या लहान ऑफिसला तेवढं पुष्कळ आहे.

सर, उजेडवाडी, दोघांचंही पटलं. आधी क्यूजीआयएस, भिंतीसाठी. मग स्केचअप.

---

बांधावरची · २ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले. अडले आहे, मदत करा. उंचीचा थर आला, डोंगरही ओळखू येतो. पण उतार काढायला सांगितला की सगळा नकाशा एकाच रंगाचा होतो आणि जिथे क्लिक करावं तिथे ८९ अंश! तो डोंगर मी पायी चढले आहे, कडा असता तर चढलेच नसते.

---

संत्रानगरी · २ फेब्रुवारी

ताई, हे जवळपास प्रत्येकाचं होतं. तुमचा थर अक्षांश-रेखांशात आहे, म्हणजे आडवं अंतर अंशांत मोजलं जातंय आणि उंची मात्र मीटरमध्ये. प्रोग्रामला वाटतं, एक एकक पुढे जायच्या आत शेकडो मीटर चढलो. थर यूटीएममध्ये बदलून घ्या; ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून अंतर मीटरमध्ये मोजायची पद्धत, मग सगळं मीटरमध्ये येईल. तुमच्यासाठी पट्टा ४३ उत्तर, प्रोग्राममध्ये निवडायचा त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३.

विदर्भातल्या मंडळींनी इथे जपून राहायचं. ७८ रेखांशाच्या पूर्वेला पट्टा ४४ लागतो, क्रमांक ३२६४४. अमरावती शहर ४३ मध्ये, वर्धा-नागपूर-चंद्रपूर ४४ मध्ये. पुण्याच्या ऑफिसातून आलेली फाइल तशीच नागपूरच्या साईटला वापरून आम्ही एकदा दोन दिवस घालवले होते. काहीच कशाला जुळेना.

---

बांधावरची · ३ फेब्रुवारी

झालं! भिंतीच्या वरचा उतार १४ ते १८ अंश येतोय, आणि चढताना पायांनीही तेच सांगितलं होतं. आभार, संत्रानगरी.

एक गोष्ट लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. हे कंटूर डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या फाइलीत काढून स्केचअपमध्ये नेले तर रेघा थरथरायला लागल्या, झूम केलं की पृष्ठभाग गायब. कारण यूटीएमचे आकडे. पुण्याचंच घ्या: पूर्वेकडे सुमारे ३ लाख ७९ हजार मीटर, उत्तरेकडे सुमारे २० लाख ४८ हजार. म्हणजे मॉडेल शून्यबिंदूपासून दोन हजार किलोमीटर लांब पडलं. आता मी साईटच्या एका कोपऱ्यातला दगड शून्य धरते, सगळं तिथे सरकवते आणि किती सरकवलं तो आकडा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. आयात करताना एकक मीटर की मिलिमीटर, तेही दर वेळी बघते.

---

जांभा · ५ फेब्रुवारी

रत्नागिरीहून. ताई, एसआरटीएमवर एवढा विश्वास टाकण्याआधी हे वाचा. ते मोजमाप फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानातल्या रडारने झालं. रडारचे तरंग दाट झाडीत जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, वरच्या फांद्यांतूनच परततात. आमच्याकडे आंब्याच्या जुन्या बागा आणि राया नकाशावर टेकाड होऊन बसतात, आणि पाणी त्यांना वळसा घालून जातंय असं दिसतं. शिवाय २००० नंतर डोंगर कापून केलेले टप्पे, रस्ते, चिऱ्याच्या खाणी त्यात नाहीतच. तुमच्याकडे कुरण आहे म्हणून निभावेल. कोकणात कुणी वापरणार असेल तर आधी पावसाळ्यात जाऊन वहाळ कुठून वाहतो ते बघून यावं.

---

बांधावरची · २२ फेब्रुवारी

जांभा, तुमचं वाचून दुसऱ्याच रविवारी पुन्हा वर गेले. या वेळी फोनवर क्यूफील्ड टाकून, म्हणजे घरी केलेला नकाशा हातात आणि आपण कुठे उभे आहोत तो ठिपका त्यावर. मालक आणि गुरं राखणारे एक मामा बरोबर होते.

नकाशाने सांगितलं होतं की आमच्या कोपऱ्याकडे सुमारे दीड हेक्टरचं पाणी येतं. धारेवरून चालत गेलो आणि मामांनी एका जागी थांबवलं. म्हणाले, "बाई, हितनं पाणी तिकडं जायचं, पर चर खोदल्यापासनं तुमच्याकडं वळलंय." दोन फूट रुंदीचा समतल चर, बांध एका ठिकाणी फुटलेला. पलीकडच्या ओघळीचं पाणी त्या चराने उचलून आमच्या बाजूला आणून सोडलेलं. ३० मीटरच्या चौकोनाला दोन फुटी चर दिसणार कुठून! फोनवर तिथे खूण केली, मागून येणारा उतार जोडला, तर क्षेत्र दोन हेक्टर झालं. जवळजवळ पाच एकर.

घरी येऊन आकडा मांडला. तासाला ६० मिलिमीटरची सर धरली आणि पडलेल्यातलं अर्धं पाणी जमिनीवरून वाहतं असं धरलं. ०.५ गुणिले ६० गुणिले २, भागिले ३६०. सेकंदाला सुमारे १६७ लिटर. मी त्या भिंतीला तीन इंची पाइपाचे वीप होल दिले होते, भिंतीमागच्या मातीत मुरलेलं पाणी निघायला. डोंगरावरून धावत येणारं पाणी त्यांनी कसं पेलावं? हा आकडा लिहिल्यावर बराच वेळ वहीकडे बघत बसले. २२ वर्षांत माझ्या एकाही प्लॉटसाठी हे गणित मांडलेलं नव्हतं.

आता भिंतीच्या वर, हद्दीच्या आत, दगडी चर काढते आहे. ६० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल, पाणी बाजूच्या ओढ्यात सोडायचं.

---

पॅरलल बार · २३ फेब्रुवारी

हे वाचून फार आनंद झाला. त्या मामांचं वाक्य ड्रॉइंगवर टीप म्हणून लिहा, खरंच. ओढ्यात पाणी सोडताना खालच्या शेतकऱ्याशी आधी बोला, आणि चर ओढ्याला मिळतो तिथे दगडांचं पिचिंग करा, नाही तर काठ खचेल.

---

फोर्टची गल्ली · १ मार्च

मुंबईतल्या मोठ्या ऑफिसात आहे, आमच्याकडे सगळं रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. लँडस्केपवाल्यांना एकच सांगते: मोठे आर्किटेक्ट मॉडेल मागत असतील तरच त्यात वेळ घाला. पूर्वी जमीन म्हणजे नुसता पातळ पृष्ठभाग असायचा, २०२४ च्या आवृत्तीपासून टोपोसॉलिड आलं, म्हणजे जमिनीला जाडी मिळाली, खोदाई-भराईचा हिशोब सोपा झाला. पण दोन माणसांच्या ऑफिसला त्याची गरज नाही. समोरच्याने आयएफसी फाइल, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नेता येणारं इमारतीचं मॉडेल, दिली तर ती ब्लेंडरला बोनसाय हे फुकट अ‍ॅड-ऑन जोडून उघडता येते.

---

बांधावरची · १८ मार्च

स्केचअप सुरू केलंय. उजेडवाडी, तुमचं बरोबर होतं, हात लवकर बसला. माझी मदतनीस तर माझ्यापुढे गेली.

पण इथे एक मोठी चूक झाली. शहरातल्याच एका घराच्या बागेचं काम होतं. घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत नेच्यांचा वाफा काढला, मॉडेलमध्ये सावली लावून बघितली: जूनमध्ये भर दुपारी भिंतीची सावली उत्तरेला, वाफ्यावर. छान चित्र तयार करून दाखवायला नेलं. घरातल्या आजी चष्मा लावून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, मी मे महिन्यात कुरडया ह्याच उत्तरेच्या ओट्यावर घालते. सकाळपासून ऊन असतं तिथं."

ऑफिसला येऊन तपासलं. मॉडेलला साताऱ्याचं ठिकाण द्यायचं मी विसरले होते. ठिकाण दिलं नाही तर ते मुळातलं धरलं जातं, अमेरिकेतलं बोल्डर, ४० अक्षांशावरचं. तिथे भर दुपारी सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. सातारा १७.७ अक्षांशावर. २१ जूनला भर दुपारी आपल्याकडे सूर्य डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो. दहा फुटी भिंतीची सावली माझ्या चित्रात तीन फूट उत्तरेला पडत होती, ती खरी पडते फूटभर, आणि तीही दक्षिणेला! मार्चच्या विषुवदिनानंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेलाच उगवतो, म्हणून आजींच्या ओट्यावर सकाळी ऊन. नेचे मे महिन्यात करपून गेले असते.

वाफा आता पूर्वेकडच्या जांभळाखाली हलवला आहे. आजींना दुरुस्त चित्र दाखवून आले. माझ्या ऑफिसात नियम केलाय: नवी फाइल उघडली की पहिलं काम ठिकाण, दुसरं उत्तर दिशा, मग रेघ.

---

उजेडवाडी · १८ मार्च

ताई, मी दोन वर्षं सावल्या दाखवतोय आणि आत्ता जाऊन जुन्या फाइली उघडून बघतोय. तीन फाइलींत बोल्डरच निघालं. खूप आभार.

झाडांचं काय करता? तयार झाडं घेतली की मेपल, बर्च, पाइन. आपलं एकही मिळत नाही.

---

बांधावरची · ११ मे

उत्तर द्यायला उशीर झाला, पण हात रिकामे घेऊन आले नाही.

आम्ही दोघींनी मिळून आपल्या झाडांचा संच केलाय. बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ, कदंब, करंज, कडुलिंब, पांगारा, पळस, काटेसावर, आंबा, जांभूळ. पानन् पान असलेली झाडं करायची नाहीत हे आधीच ठरवलं. तसं एक झाड घेतलं तरी फाइल जड होते, पन्नास लावली की लॅपटॉप बसतो. आमची झाडं म्हणजे खोड, तीन-चार मुख्य फांद्या आणि पर्णसंभाराचा जाळीसारखा आकार. पण प्रत्येकाची तीन वयं आहेत: लावतानाचं, ५ वर्षांनंतरचं, १५ वर्षांनंतरचं. मापं कुठून आणली? गावात लावलेली तारीख माहीत असलेली झाडं शोधली. शाळांची वृक्षारोपणं, नातवाच्या बारशाला लावलेला आंबा, आम्हीच लावलेल्या बागा. टेपने खोडाचा घेर, दुपारच्या सावलीवरून पसारा. पळस, पांगारा आणि काटेसावर यांची एक निष्पर्ण प्रतही केली, कारण फुलतात तेव्हा त्यांच्यावर पानं जवळपास नसतात आणि सावली हवी असते तेव्हाच खाली ऊन असतं. प्रत्येक झाड एकदाच काढलेला कंपोनंट आहे, दोनशे ठेवले तरी फाइल फारशी वाढत नाही.

आणखी एक. काल आणि आज दुपारी साडेबाराच्या सुमाराला अंगणात ओळंब्याने सरळ करून एक पाइप उभा केला. आज साडेबाराला सावली पाइपाच्या बुडाशीच गोळा झाली. मॉडेलमध्येही तसाच पाइप उभा करून तीच तारीख, तीच वेळ लावली. तिथेही सावली बुडाशीच. मदतनीस मुलीने दोन्हींचे फोटो शेजारी-शेजारी लावून ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेत.

---

जांभा · १२ मे

ताई, संच देणार का? आमच्याकडून रातांबा, फणस, सुरंगी, उंडी यांची मापं पाठवतो. तारखेसकट.

---

बांधावरची · १२ मे

देणार म्हणजे काय, त्यासाठीच केलाय. कुणालाही वापरू दे, मापं चुकली असतील तर सांगा. संत्रानगरी, मोह आणि तेंदू तुमच्याकडून हवेत.

---

संत्रानगरी · १२ मे

पाठवतो. मोहाला १५ वर्षांचा आकडा पुरणार नाही, ताई. त्याला ४० वर्षांची चौथी प्रत करा.

---

बांधावरची · ९ जुलै

परवा रात्री वाईकडे जोराचा पाऊस झाला. सकाळी सातला साईटवर पोचले, पाऊस सुरूच होता. छत्री घेऊन चराच्या काठाने चालत गेले. पाणी जवळजवळ एक फूट उंचीने वाहत होतं, गढूळ, भरधाव, आणि सगळंच्या सगळं ओढ्याकडे. भिंतीमागची माती ओली होती, पण फुगलेली नव्हती. वीप होलमधून बारीक, स्वच्छ धार. मालकांनी भिंतीवर तळहात ठेवून बघितलं आणि मग मलाही ठेवायला लावला.

एक गोष्ट माझ्या मॉडेलमध्ये नव्हती. चर जिथे ओढ्याकडे वळतो, त्या वळणाच्या आतल्या बाजूला गाळ बसलाय, वीतभर जाड. असा दोन-तीन वेळा बसला तर पाणी काठावरून उडी मारेल. वळणाच्या आधी गाळ धरायला खड्डा हवा, आणि माणसाला त्यात उतरून फावड्याने उपसता येईल एवढा मोठा. टेपने जागा मोजून आणली आहे, पाच फूट बाय तीन बसेल. सर, खोली किती ठेवू? रविवारी मिस्त्री येणार आहेत.